इल्म आणि उजरत

आपल्या घरांत मूल हुशार निघाले की आनंद होतो आणि त्याच मुलाने भौतिकशास्त्रात पुढे शिकायचे ठरवले की ते घर काळजीत पडते. डॉक्टर होणार असेल तर जमीन विकू, इंजिनियर होणार असेल तर मामूकडून आखातातून पैसे मागवू. पण 'फिजिक्समध्ये संशोधन' हे शब्द निघाले की पहिला प्रश्न येतो, पगार किती मिळेल? हा प्रश्न विचारणाऱ्याकडे आम्ही शिकवणारे लोक जरा तुच्छतेनेच पाहतो. इल्मची किंमत रुपयांत करणारा दुनियादार माणूस, अशी आमची मनातल्या मनात नोंद होते. माझीही होत असे. तीसेक वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मला वाटू लागले आहे, की त्या प्रश्नाला तुच्छ लेखण्यात आमच्याच हातून काहीतरी गैर घडत आले आहे. ते नेमके काय, हे मला स्वतःलाच नीट तपासून पाहायचे आहे.

२००३ सालची गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगा होता. प्रयोगशाळेत शेवटपर्यंत थांबणारा, उत्तर बरोबर आले तरी ते बरोबर का आले हे विचारणारा. असे विद्यार्थी शिक्षकाच्या आयुष्यात पाच-सहाच येतात. त्याचे वडील कुवेतमध्ये क्रेन चालवत. दोन महिन्यांच्या सुटीवर आले असताना ते मला भेटायला महाविद्यालयात आले. बसा म्हटले तरी बसेनात. म्हणाले, "सर, तुम्ही सांगता म्हणून हा एम.एस्सी. करतो म्हणतोय. मला त्यातलं काही कळत नाही. पुढे पगार किती मिळेल, एवढं सांगा."

मी म्हणालो, "भाई, इल्म पगारासाठी हासिल करायचं नसतं. रिज्क देणारा अल्लाह आहे."

ते गप्प झाले. अल्लाहचे नाव मध्ये आल्यावर ते बिचारे काय बोलणार? मुलगा एम.एस्सी.ला गेला. हा प्रसंग मी पुढे दोन-तीन भाषणांत मोठ्या समाधानाने सांगितला होता.

ज्ञानाचा मोबदला, म्हणजे उजरत, घ्यावी की नाही हा वाद आपल्याकडे नवा नाही. हनफी मजहबच्या सुरुवातीच्या फकीहांचे मत असे होते, की कुरआन शिकवणे, अजान देणे, इमामत करणे ही इबादतीची कामे आहेत आणि त्यांची उजरत घेता येत नाही. पुढच्या काळातल्या, विशेषतः बल्खच्या उलेमांनी हे मत बदलले. त्यांनी दिलेले कारण मोठे व्यवहारी आहे. पूर्वी शिकवणाऱ्यांना बैतुलमालमधून निर्वाहापुरते मिळत होते; ते बंद झाले. आता उजरत नाकारली तर शिकवणारा पोटामागे लागेल आणि इल्म नष्ट होईल. म्हणजे आधीच्यांचा निषेधसुद्धा एका व्यवस्थेच्या भरवशावर उभा होता. ती व्यवस्था गेल्यावर निषेध तसाच ठेवणे हे तत्त्वनिष्ठेचे लक्षण ठरले नसते, त्याने नुसते शिकवणे थांबले असते. आम्ही कोकणातले लोक शाफई. आमच्याकडे कुरआन शिकवण्याच्या उजरतीला पहिल्यापासूनच मुभा होती. तरीही आमच्या गावांतल्या मशिदींचे इमाम काय पगारावर राहतात, हे आपण सगळे जाणतो. मुभा असणे वेगळे आणि देणे वेगळे.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. अकराव्या शतकात निजामुल्मुल्कने बगदादला मदरसा उभारला, उस्तादांना पगार आणि तालिबांना वजिफे लावून दिले. ही बातमी मावराउन्नहरमधल्या, म्हणजे समरकंद-बुखाराच्या बाजूच्या उलेमांपर्यंत पोहोचली तेव्हा त्यांनी इल्मचा मातम केला, अशी हकीकत जुन्या ग्रंथांत सांगितली आहे. आजवर उमद्या मनाची माणसे केवळ इल्मसाठी इल्मकडे येत होती, आता पगारासाठी कोणीही येईल, ही त्यांची भीती. त्याच निजामियात इमाम गझालींना १०९१ मध्ये मोठे पद मिळाले आणि चारच वर्षांनी, आपली नियत साफ नाही असे वाटून, ते सोडून निघून गेले. वेतनश्रेणीसाठी संशोधनपत्रिका धुंडाळणारे, पैसे भरून निबंध छापून आणणारे आणि त्यावर बढती घेणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्या उलेमांचा मातम अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही.

पण मग भौतिकशास्त्राच्या इतिहासातला आपला सर्वांत मोठा माणूस पाहा. इब्न अल-हैसम, बसऱ्याचा. प्रकाश डोळ्यातून बाहेर जात नाही, वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्याने प्रयोगांच्या आधारे मांडले. फातिमी खलिफा हाकिमच्या काळात त्याने जीव वाचवायला वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये हाकिम गेल्यावर तो कैरोत अल-अजहरजवळ राहू लागला. अल-किफ्तीने लिहून ठेवले आहे, की तो दरवर्षी तीन ग्रंथांच्या नकला स्वतःच्या हाताने करी: युक्लिड, अल्माजेस्ट आणि त्या दोहोंच्या मधल्या अभ्यासाचे ग्रंथ. त्याचे १५० मिसरी दिनार येत. भाव ठरलेला, त्यात घासाघीस नाही. त्यावर त्याचे वर्ष निघे. मला या हकीकतीतला तो ठरलेला भाव फार महत्त्वाचा वाटतो. एवढा मोठा माणूस, पण आपल्याला वर्षाला किती लागतात हे त्याला नेमके माहीत होते आणि ते मागायची त्याला शरम नव्हती.

अल-बिरूनीची उलट गोष्ट सांगतात. सुलतान मसूदने त्याला ग्रंथाबद्दल हत्तीभर चांदी पाठवली आणि त्याने ती परत केली. आपण ही गोष्ट मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. तिच्यातला लहानसा भाग गाळतो: गझनीच्या दरबारात बिरूनीच्या निर्वाहाची सोय झालेली होती. चुलीवर भांडे चढलेले असले की हत्ती परत पाठवता येतो.

आपल्या देशातली उदाहरणेही अशीच गुंतागुंतीची आहेत. सी. व्ही. रामन कलकत्त्याला सरकारच्या वित्त खात्यात बड्या हुद्द्यावर होते. १९१७ मध्ये ते पद सोडून जवळपास निम्म्या पगारावर ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. हे प्रत्येक शाळेच्या विज्ञानदिनाला सांगितले जाते. जगदीशचंद्र बसूंची गोष्ट मात्र कमी सांगतात. १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. हिंदी प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा, असा हिशेब होता. बसूंनी तो पगार घ्यायचे नाकारले, शिकवणे मात्र सोडले नाही. तीन वर्षे बिनपगारी शिकवले. घरावर वडिलांच्या उद्योगांतले कर्ज होते, तरी. शेवटी सरकारला मागच्या बाकीसह पूर्ण पगार द्यावा लागला आणि त्या पैशातून कर्ज फिटू लागले. रामन यांनी कमी पगार आनंदाने पत्करला, बसूंनी तो झिडकारला, आणि दोघांचेही मला पटते. पैसा दोघांनाही सारखाच कमी मिळत होता. एकाला तो स्वतःच्या मर्जीने कमी होता, दुसऱ्याला कोणीतरी त्याची पायरी दाखवण्यासाठी कमी देत होते.

आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र मराठी वाचकाला सांगायला नको. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी खर्चीन, असा त्याचा आशय. ते गरिबीतून आले होते, त्यामुळे त्याग फक्त सुखवस्तूंनाच जमतो असे मला म्हणता येत नाही. जामिया मिल्लियाची हकीकत तर आपल्या घरचीच आहे. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान गेले आणि संस्था बंद पडायची वेळ आली. तेव्हा बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले झाकिर हुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी, एकूण अकरा जणांनी, वीस वर्षे महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही अशी शपथ घेतली. (शपथ अकरा जणांनी घेतली, निभावली मात्र त्यांच्या घरांतल्या बायकांनीही. त्यांची नावे कोणी घेत नाही.)

या सगळ्या माणसांत मला एक गोष्ट समान दिसते. त्यांनी जे सोडले ते काय आहे हे त्यांना माहीत होते आणि सोडण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर त्याग प्रथमपुरुषात केला जातो. मी त्याग करीन, आम्ही त्याग करू. 'तू त्याग कर' असे मी दुसऱ्याला, तेही आकडे न सांगता, सांगू लागलो की त्या शब्दाचा अर्थच पालटतो. मी त्या कुवेतवाल्या बापाला नेमके हेच सांगितले होते.

ते आकडे आज काय आहेत, हे एकदा लिहूनच टाकतो. बी.एस्सी.ची तीन वर्षे, एम.एस्सी.ची दोन. मग नेट परीक्षेत वरच्या यादीत आला तर संशोधनासाठी जे.आर.एफ. मिळते. ही रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० आहे, घरभाडे वेगळे. २००७ मध्ये ती १२,००० होती. ती वाढवून घेण्यासाठी संशोधक मुलांना दर काही वर्षांनी रस्त्यावर यावे लागले. ज्याला जे.आर.एफ. नाही, त्याला केंद्रीय विद्यापीठात ८,००० मिळतात. आठ हजार! दिल्ली-हैदराबादसारख्या शहरात, पंचवीस वर्षांच्या माणसाने. राज्य विद्यापीठांत पुष्कळांना तेवढेही नाहीत. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे. त्यानंतर बहुतेकांना दोन ते चार वर्षे परदेशात किंवा इथल्या एखाद्या संस्थेत मुदतीच्या नेमणुकीवर काढावी लागतात. इतके झाल्यावर वयाच्या तेहतीस-चौतिसाव्या वर्षी कायम जागा मिळाली, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते आणि भत्ते धरून बरेच पुढे जाते. हा पगार वाईट नाही. साधे घर, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी त्यात निघते. भौतिकशास्त्रज्ञ उपाशी मरतो ही अफवाच आहे.

अडचण त्या 'मिळाली तर' मध्ये आहे. आपल्या राज्यात अनुदानित महाविद्यालयांतल्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि त्या जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. जितके तास, तितके पैसे. सुटीत काही नाही. जे तास झाले त्यांचे पैसेही पुष्कळदा महिनोन्महिने येत नाहीत. मजुरी वेळेवर देण्याविषयीची हदीस आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर हमाल येतो, गवंडी येतो. पीएच.डी. झालेला तासिकेवरचा शिक्षक येत नाही. आणि कायम जागा निघाली तर काही ठिकाणी ती मिळवण्यासाठी संस्थाचालकांना काय मोजावे लागते, हे उघड गुपित आहे. इल्मची उजरत घ्यावी की नाही यावर फकीहांनी पानेच्या पाने लिहिली. शिकवू देण्यासाठी शिकवणाऱ्यानेच पैसे भरावेत, ही शक्यता त्यांच्या ध्यानीमनीही आली नसेल.

माझा तो विद्यार्थी गेल्या रमजान ईदला घरी आला होता. एम.एस्सी. उत्तम झाली, सेट झाली, पीएच.डी.ला नाव घातले. त्याच सुमारास वडील पाठीचे दुखणे घेऊन कुवेतहून कायमचे परतले आणि बहिणीचे लग्न समोर होते. त्याने पीएच.डी. सोडून तासिका धरल्या. पहिल्या वर्षी सरासरी महिन्याला पाच हजारही हाती पडत नव्हते. अशी नऊ वर्षे काढली. आता नवी मुंबईत एका खासगी क्लासमध्ये आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतो. पगार माझ्या निवृत्तिवेतनाहून बराच जास्त आहे. जो मुलगा 'का' विचारत तास-तास बसे, तो आता मुलांना नव्वद सेकंदांत गणित कसे उडवायचे ते शिकवतो. हे त्याने स्वतःच हसत हसत सांगितले.

शीरखुर्मा घेता घेता त्याने विचारले, "सर, अब्बा तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा तुम्हाला स्वतःला पगार किती होता?"

आवाजात राग नव्हता. मी आकडा सांगितला. पाचव्या वेतन आयोगाची श्रेणी, कायम नोकरी, दर महिन्याला बँकेत जमा. त्याने मान डोलावली, एखाद्या उदाहरणाचे उत्तर ताडून पाहावे तशी. रिज्क देणारा अल्लाह आहे, हे मी आजही मानतो. पण मला ते सरकारी तिजोरीतून, एक तारखेला मिळत होते, आणि हा तपशील मी त्या बापापासून लपवला होता. घरच्यांचा नफका चालवणे शरीयतने ज्याच्यावर फर्ज केले आहे, तो माणूस आपल्या मुलाच्या फर्जचाच हिशेब विचारत होता. त्याला मी दुनियादार ठरवले.

इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शागीर्द अबू यूसुफ यांची हकीकत मला तेव्हा का आठवली नाही, कोण जाणे. अबू यूसुफ गरीब घरचे. घरच्यांनी त्यांना दर्समधून उठवले. पोट भरायचे काम शीक म्हणाले. इमामसाहेब कापडाचे व्यापारी. त्यांनी शागीर्द का येत नाही याची चौकशी केली आणि दिरहमांची थैली त्याच्या हातात ठेवली. ती संपत आली की न मागता दुसरी देत राहिले. पुढे तो मुलगा हारून रशीदचा मुख्य काझी झाला. इमामसाहेबांनी घरच्यांना रिज्कवर प्रवचन दिल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

आज ती थैली कोणाच्या हातात आहे? अल्पसंख्याक समाजांतल्या संशोधकांसाठी २००९ मध्ये मौलाना आझाद यांच्या नावाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली होती. जे.आर.एफ.इतकीच रक्कम. शिंप्याची, बागवानाची, पिंजाऱ्याची मुले तिच्यावर पीएच.डी. करू लागली होती. डिसेंबर २०२२ मध्ये, इतर योजनांशी ती जुळते असे कारण सांगून, सरकारने ती बंद केल्याचे संसदेत जाहीर केले. आधी निवडलेल्यांचे पैसेही महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी येत राहिल्या. याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण सरकारला बोल लावून आपला हिशेब मिटत नाही. मी आमच्या भागातल्या दोन शिक्षणफंडांच्या बैठकांना अनेक वर्षे बसलो आहे. मेडिकलच्या मुलाचा अर्ज पाच मिनिटांत मंजूर होतो. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा अर्ज आला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "यातून समाजाला काय फायदा?" मी तेव्हा उत्तर द्यायला हवे होते. चहा आला आणि अर्ज पुढच्या बैठकीवर गेला.

अब्दुस सलाम यांचे उदाहरण अशा वेळी द्यावेसे वाटते आणि मग ते देणे किती अवघड आहे हेही जाणवते. केंब्रिजहून १९५१ मध्ये ते लाहोरला परतले, गणिताचे विभागप्रमुख झाले. उपाशी नव्हते. पण जवळ संशोधनाची बोलणी करायला माणूस नाही, नवी नियतकालिके नाहीत, आणि कॉलेजने जादा काम म्हणून फुटबॉलच्या संघाची देखरेख सोपवलेली. तीन वर्षांत ते परत गेले. पगाराच्या अपेक्षेत वेळ आणि सोबतही येते, हे त्यांना लाहोरने शिकवले. १९६४ मध्ये त्यांनी इटलीत त्रिएस्तला जे केंद्र उभारले, त्यात गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांना आपल्या देशातली नोकरी न सोडता अधूनमधून येऊन काम करता येईल अशी योजना केली. देश सोड किंवा विज्ञान सोड, यांतून एक निवडायची पाळी आपल्यामागून येणाऱ्यांवर येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ते अहमदिया होते. पाकिस्तानने १९७४ मध्येच त्यांच्या जमातीला घटनादुरुस्ती करून गैरमुस्लिम ठरवले होते आणि पुढे त्यांच्या कबरीच्या दगडावरून 'मुस्लिम' हा शब्द खोडला गेला. आपले शास्त्रज्ञ का होत नाहीत, असे परिसंवाद आपण दरवर्षी भरवतो. झालेल्याला आपण कसे वागवले, यावर मात्र अजून एकही भरलेला मला आठवत नाही.

हल्ली माझ्याकडे मुले येतात तेव्हा मी कागद घेऊन बसतो. वर्षे डावीकडे, रुपये उजवीकडे. कुठे पैसे थांबू शकतात तिथे लाल रेघ. घरात कमावणारे किती, कर्ज किती, बहिणभाऊ किती, हेही विचारतो. पूर्वी हे विचारणे मला शिक्षकाच्या कामाबाहेरचे वाटे. काही मुले कागद पाहून संगणकाकडे वळतात. त्यांना मी अडवत नाही. वाईट वाटते, पण अडवत नाही.

मागच्या महिन्यात एक मुलगी आईला घेऊन आली होती. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. मी सगळा कागद भरला. तासिकेचा भागही गाळला नाही. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला, मुलीशी हळू आवाजात काहीतरी बोलली, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला वाटले, झाले, आता उठतील. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पैशाचं आम्ही बघू, सर. पण एवढी वर्षं ही नेमकं करणार काय, ते कुणी सांगतच नाही."

मी खिडकीकडे बोट केले. आमच्या खिडकीतून खाडीच्या पलीकडे समुद्राची एक पट्टी दिसते. तो निळा का दिसतो, इथून सुरुवात केली. मगरिबची अजान झाली तेव्हा आम्ही अजून प्रकाशाच्या विखुरण्यापाशीच होतो आणि आईचे प्रश्न मुलीपेक्षा जास्त होते.